पंचिंग बॅगवरचा सराव: ताकद दिसते, पण चुका लपतात

पंचिंग बॅगचे रील्स बहुतेक एकाच साच्यातले असतात. मोठ्या आवाजात गाणे, साखळीचा खणखणाट आणि प्रत्येक ठोशासरशी लांब उडणारी बॅग. पाहणाऱ्याला वाटते, काय ताकद आहे! बॉक्सिंगचा प्रशिक्षक मात्र त्याच व्हिडिओत वेगळेच काही बघतो. उजवा हात बॅगवर आदळतो तेव्हा डावा हात कुठे आहे? पाय जमिनीवर नीट टेकले आहेत का? ठोसा मारून झाल्यावर माणूस तिथेच उभा राहिला, की बाजूला सरकला?

हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात, कारण बॅग उलटून मारत नाही. हात खाली पडला तरी ती शिक्षा करत नाही, हनुवटी वर आली तरी काही बोलत नाही. त्यामुळे बॅगवर चांगली सवय जितक्या लवकर पक्की होते, तितक्याच लवकर वाईट सवयही पक्की होते. वाईट सवयीची किंमत पुढे दोन ठिकाणी मोजावी लागते: एक तर मनगटात आणि बोटांच्या हाडांत, नाहीतर पहिल्यांदा खऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर उभे राहिल्यावर.

थोडक्यात

• बॅग किती लांब उडाली यावरून ठोशाची गुणवत्ता कळत नाही. चांगल्या ठोशाने बॅग जागच्या जागी हादरते.
• ठोशाचा जोर हातातून नव्हे, पायांपासून सुरू होतो.
• बॅगवर प्रत्येक ठोसा समोर माणूस आहे असे समजून मारायचा: गार्ड वर, अंतर बरोबर, मारून झाले की जागा बदलायची.
• हाताला पट्टी आणि योग्य ग्लव्ह असल्याशिवाय बॅगला हात लावू नये.
• नवशिक्यासाठी आठवड्यातून दोन ते तीन दिवस, २ मिनिटांच्या सहा फेऱ्या पुरेशा आहेत.

पंचिंग बॅग म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे ज्याला सरसकट पंचिंग बॅग म्हणतात, त्याचे बॉक्सिंगमधले नाव हेवी बॅग. चामडे, कॅनव्हास किंवा रेक्झिनसारख्या कृत्रिम कापडाचा लांब पिंप, आत कापडाच्या चिंध्या आणि वर साखळी. कल्पना नवी नाही. प्राचीन ग्रीसमध्ये मल्ल आणि मुष्टियोद्धे ‘कोरिकोस’ नावाच्या टांगलेल्या चामडी पिशवीवर सराव करत. अशक्त माणसाच्या पिशवीत पीठ किंवा अंजिराच्या बिया आणि दणकट माणसाच्या पिशवीत वाळू भरावी, असे तेव्हाचे वर्णन सापडते.

आधुनिक बॉक्सिंगची चौकट मात्र इंग्लंडमध्ये १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांनी घालून दिली. ग्लव्ह घालून लढायचे, ३ मिनिटांची फेरी आणि मध्ये १ मिनिट विश्रांती हे त्यातच ठरले. म्हणून आजही जगभरच्या जिममध्ये बॅगवरचा सराव घड्याळ लावून, फेऱ्यांमध्येच केला जातो.

बॅगेच्या वजनाचा ढोबळ नियम असा: सराव करणाऱ्याच्या वजनाच्या साधारण निम्मी. ७० किलोच्या माणसाला ३५ किलोच्या आसपासची बॅग चालते. फार हलकी बॅग प्रत्येक ठोशाला पळते आणि तिच्यामागे धावण्यातच फेरी संपते. फार जड आणि कडक बॅग नवशिक्याच्या मनगटाला त्रास देते. फक्त बॉक्सिंग करायचे असेल तर ४ फुटी बॅग पुरते. मांडीवर किंवा पोटरीवर लाथ मारण्याचा सराव करणारे किकबॉक्सर ६ फुटी लांब बॅग वापरतात.

आपल्या बाजारात अनेक बॅगा रिकाम्या मिळतात आणि त्या घरी भराव्या लागतात. इथे एक चूक हमखास होते: सुटी वाळू भरणे. वाळू हळूहळू खाली बसते. काही आठवड्यांत बॅगेचा तळ दगडासारखा होतो आणि वरचा भाग पोकळ राहतो. पोटाच्या उंचीवर मारलेला ठोसा मग थेट दगडावर बसतो. जुने सुती कपडे, चिंध्या आणि शिंप्याकडची कात्रणे बारीक करून, थराथराने दाबून भरणे उत्तम. कपड्यांची बटणे, चेन आणि हुक आधी कापून काढावेत. नवी बॅगही काही दिवसांनी दबते, तेव्हा वरून पुन्हा भर घालावी लागते.

ठोसा येतो कुठून?

नवशिक्या हाताने मारतो. शिकलेला बॉक्सर जमिनीपासून मारतो. उजव्या हाताच्या सरळ ठोशाचे, म्हणजे क्रॉसचे उदाहरण घेऊ. मागच्या पायाचा चवडा जमिनीवर दाब देतो आणि टाच बाहेर वळते. त्यासोबत कंबर फिरते, कंबरेमागून खांदा येतो आणि सर्वांत शेवटी हात सुटतो. दोरीचा चाबूक मारताना मूठ आधी हलते आणि टोक शेवटी फुटते, तसाच हा क्रम आहे. क्रम बिघडला, म्हणजे हात आधी निघाला आणि कंबर मागे राहिली, तर ठोशात फक्त हाताचे वजन उरते.

१९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सोव्हिएत संशोधकांच्या अभ्यासातही हेच आढळले. बॉक्सर जितका वरच्या दर्जाचा, तितका त्याच्या ठोशात पायांचा वाटा मोठा. खालच्या दर्जाचे बॉक्सर हात आणि धड यांवर जास्त अवलंबून होते.

दुसरी गोष्ट सैलपणाची. मूठ सुरुवातीपासून आवळून धरली की खांदा आखडतो आणि हात मंदावतो. ठोसा निघताना हात सैल असतो आणि बॅगेला लागण्याच्या क्षणी मूठ घट्ट होते. लागला की लगेच पुन्हा सैल होऊन त्याच रेषेत गालापाशी परत येतो. श्वासही याच तालावर चालतो: प्रत्येक ठोशाला नाकातोंडातून छोटा, तुटक उच्छ्वास. श्वास धरून मारणारा माणूस अर्ध्या मिनिटात दमतो.

उभे राहण्याची पद्धत हा या सगळ्याचा पाया. उजव्या हाताने काम करणाऱ्याचा डावा पाय पुढे, दोन पायांत खांद्यांएवढे अंतर, गुडघे किंचित वाकलेले आणि मागची टाच थोडी उचललेली. दोन्ही हात गालांपाशी, कोपरे बरगड्यांजवळ आणि हनुवटी खाली. डावखुरा बहुधा उजवा पाय पुढे ठेवतो, त्याला साउथपॉ म्हणतात. प्रत्येक ठोशानंतर शरीर या स्थितीत परत आले पाहिजे.

मारणे आणि ढकलणे

बॅगवरचा सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे ती जितकी उडेल तितका ठोसा भारी. प्रत्यक्षात जास्त उडणारी बॅग बहुतेकदा ढकललेली असते. ढकलताना मूठ बॅगेवर जास्त वेळ टेकून राहते. खऱ्या ठोशात मूठ लागते, आत रुतते आणि लगेच निघते. आवाज तुटक येतो, बॅग मध्येच दुमडल्यासारखी होते, साखळी एकदा झटका देते आणि बॅग फारशी दूर जात नाही.

यामागे शाळेत शिकलेला लंबकाचा नियम आहे. टांगलेली बॅग म्हणजे एक मोठा लंबक. छतातल्या कडीपासून बॅगेच्या मध्यापर्यंत २ मीटर अंतर असेल, तर एक पूर्ण झोका साधारण २.८ सेकंदांचा होतो. बॅग २५ किलोची असो की ४५ किलोची, छोट्या झोक्यांना वेळ जवळपास तेवढाच लागतो. म्हणजे मधून निघालेली बॅग लांब जाऊन पुन्हा मध्यावर यायला सुमारे १.४ सेकंद घेते.

हा हिशोब सरावात उपयोगी पडतो. पहिल्या ठोशानंतर लगेच दुसरा आणि तिसरा मारला, तर बॅग अजून जवळच असते. त्यानंतर थांबलात तर ती परत येणार आणि तेव्हा तिच्यात वजनासोबत वेगही असणार. वेगाने अंगावर येणाऱ्या बॅगेवर सरळ मनगटाने ठोसा लागला तर ठीक, पण मनगट जरा जरी वाकलेले असेल तर लचक नक्की. नवशिक्याने अशा वेळी मारण्याऐवजी अर्धे पाऊल बाजूला सरकावे, बॅग जाऊ द्यावी आणि नव्या कोनातून पुन्हा सुरुवात करावी. बॅगेचा झोका असा पदलालित्य शिकवणारा जोडीदार होतो. बॅगेला मिठी मारून थांबवण्याची सवय मात्र टाळलेली बरी.

अंतराचे गणित

जॅब मारताना हात जवळजवळ पूर्ण सरळ झाल्यावर मूठ बॅगेला लागली पाहिजे. कोपर ताठ होऊन कुलूप लागता कामा नये, नाहीतर सांध्याला झटका बसतो. नेम बॅगेच्या पृष्ठभागावर नव्हे, तर चार-पाच सेंटिमीटर आत धरावा, म्हणजे ठोसा वरवर न लागता आत पोचतो.

बहुतेक लोक बॅगेच्या फार जवळ उभे राहतात. मग क्रॉस आखूड होतो, हूक गुंडाळला जातो आणि प्रत्येक फेरी बॅगेवर रेलून संपते. सोपा उपाय असा: फेरी सुरू होताना बॅगेपासून एक पाऊल लांब उभे राहायचे. जॅब मारायचा तर अर्धे पाऊल आत जायचे, मारून झाले की अर्धे पाऊल बाहेर यायचे. ‘आत, मारा, बाहेर’ हा ताल बसला की अंतर आपोआप कळू लागते.

अंतर प्रत्येकाचे वेगळे असते. टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या लवलिना बोर्गोहेन उंच आहेत, लांब हातांनी प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवणे हे त्यांचे बलस्थान. २०१२ मध्ये लंडनला कांस्य जिंकणाऱ्या मेरी कोम लहान चणीच्या. तिथे त्या आपल्या नेहमीच्या गटापेक्षा वरच्या, ५१ किलो गटात लढल्या. अशा बॉक्सरला झपकन आत शिरून, मारून बाहेर पडावे लागते. बॅगवर सराव करतानाही आपल्या उंचीला आणि हाताच्या लांबीला शोभेल असेच अंतर घटवावे. दुसऱ्याचा व्हिडिओ पाहून त्याचे अंतर उचलू नये.

चार ठोसे आणि बॅगवर होणाऱ्या त्यांच्या चुका

जॅब: पुढच्या हाताचा सरळ ठोसा. बॅगवर सर्वांत दुर्लक्षित, कारण त्याने बॅग हलत नाही आणि व्हिडिओत तो रुबाबदार दिसत नाही. पण रिंगमध्ये सर्वाधिक काम तोच करतो: अंतर मोजतो, समोरच्याला रोखतो, पुढच्या ठोशाला वाट करून देतो. नेहमीची चूक म्हणजे हात परत येताना खाली पडणे. ज्या उंचीवरून गेला, त्याच उंचीवरून तो परत यायला हवा.

क्रॉस: मागच्या हाताचा सरळ ठोसा. चूक दोन प्रकारची. एकात मागची टाच वळत नाही, त्यामुळे कंबर अडकते. दुसऱ्यात अंगाचा तोल पुढच्या गुडघ्याच्याही पुढे जातो. अचानक बॅग बाजूला ओढली तर माणूस तोंडावर पडेल का, हा प्रश्न स्वतःला विचारावा. उत्तर ‘हो’ असेल तर तोल चुकला.

हूक: कोपरात साधारण काटकोन ठेवून बाजूने येणारा ठोसा. चूक म्हणजे हात लांबून गोल फिरवणे आणि ग्लव्हच्या आतल्या बाजूने थप्पड मारणे. आवाज मोठा येतो, पण नियमानुसार बंद मुठीच्या पुढच्या भागाने लागलेला ठोसाच ग्राह्य असतो. उघड्या किंवा आतल्या बाजूने मारणे हा फाउल आहे. शिवाय अशा फटक्यात अंगठा आणि मनगट दोन्ही पिळवटतात.

अपरकट: खालून वर येणारा ठोसा. सरळ उभ्या बॅगवर हा नीट बसत नाही, मूठ घसरते आणि मनगट मागे वाकते. त्यासाठी खाली निमुळती होत जाणारी किंवा चेंडूसारखी गोल बॅग असते. ती नसेल तर साध्या बॅगवर अपरकट हलका ठेवावा आणि प्रशिक्षकाच्या पॅडवर त्याचा खरा सराव करावा.

या चारही ठोशांमध्ये एक चूक समान असते. एक हात मारतो तेव्हा दुसरा गालापासून सुटतो. त्यावर जिममध्ये एक जुना उपाय आहे: न मारणाऱ्या हाताचा ग्लव्ह गालाला टेकवूनच ठेवायचा. एक पूर्ण फेरी असा स्पर्श सुटू न देता काढली, की हात किती वेळा पडत होता ते लक्षात येते.

बॅगला माणूस बनवण्याची युक्ती

बॅग नुसते कापडी पिंप आहे, हे विसरायला लावणे हे सरावाचे खरे कौशल्य. सर्वांत साधा मार्ग म्हणजे बॅगेवर खुणा करणे. रंगीत चिकटपट्टीने हनुवटी, पोट आणि बरगड्यांच्या उंचीवर पट्टे लावायचे आणि ठोसा नेमका पट्ट्यावरच मारायचा. माइक टायसनचे गुरू कस डमाटो यांनी ही कल्पना बरीच पुढे नेली. त्यांच्याकडे गाद्या गुंडाळलेली एक स्थिर चौकट होती. तिच्यावर माणसाची आकृती आणि ठोशांच्या जागी आकडे असत. आकडे कानावर पडतील त्या क्रमाने ठोसे मारायचे. त्या चौकटीला ‘विली बॅग’ म्हणत. डमाटो यांचा शिष्य होसे टोरेस १९६५ मध्ये विली पास्ट्रानोविरुद्ध विश्वविजेतेपदासाठी लढला, त्या तयारीत ती घडली आणि नावही त्या प्रतिस्पर्ध्यावरून पडले. टोरेस जिंकला.

आकड्यांची ही भाषा थोड्याफार फरकाने आज सगळीकडे चालते: १ म्हणजे जॅब, २ क्रॉस, ३ पुढच्या हाताचा हूक, ४ मागच्या हाताचा हूक, ५ आणि ६ अपरकट. ‘एक-दोन-तीन’ म्हटले की जॅब, क्रॉस, हूक.

दुसरी युक्ती म्हणजे प्रत्येक जुळणीनंतर बचाव जोडणे. एक-दोन मारले की डोके थोडे बाजूला न्यायचे, किंवा गुडघ्यात वाकून हूक डोक्यावरून जाऊ द्यायचा, मग पुन्हा मारायचे. तिसरी युक्ती, जुळणी संपल्यावर बॅगेसमोर सरळ उभे न राहता डावीकडे किंवा उजवीकडे कोन बदलणे. खरा प्रतिस्पर्धी ठोसा खाऊन गप्प बसत नाही, त्याचे उत्तर याच क्षणी येते.

सहा फेऱ्यांचा आराखडा

नवशिक्यासाठी २ मिनिटांची फेरी आणि १ मिनिट विश्रांती ठीक. सगळा सराव पूर्ण ताकदीच्या साठ-सत्तर टक्क्यांवरच करावा.

सुरुवातीला: ५ ते १० मिनिटे दोरीउड्या, खांदे, मनगट आणि कंबर मोकळी करणे. नंतर बॅगेशिवाय, आरशासमोर हवेत ठोसे मारण्याच्या दोन फेऱ्या. चूक इथेच सुधारायची, बॅग नंतर.

पहिली फेरी: फक्त जॅब. आत, मारा, बाहेर. बॅगेभोवती दोन्ही दिशांनी फिरणे.
दुसरी फेरी: जॅब-क्रॉस. प्रत्येक जोडीनंतर गार्ड तपासणे.
तिसरी फेरी: एक ठोसा डोक्याच्या उंचीवर, एक पोटाच्या. पोटावर मारताना कंबरेतून न वाकता गुडघ्यातून खाली जाणे.
चौथी फेरी: जॅब-क्रॉस-हूक आणि त्यानंतर कोन बदलणे.
पाचवी फेरी: प्रत्येक जुळणीनंतर एक बचाव.
सहावी फेरी: मोकळी. हवे ते, पण समोर माणूस आहे असे समजून.

शेवटी हलके चालणे आणि खांदे-मनगटे ताणणे. विश्रांती धरून बॅगवरचे हे काम सुमारे १७ मिनिटांत संपते. कमी वाटते, पण नीट केले तर पुरेसे दमवते. तंत्र ढासळायला लागले, म्हणजे हात खाली येऊ लागले की फेरी तिथेच थांबवावी. दमलेल्या अवस्थेत मारलेले शंभर ठोसे म्हणजे चुकीच्या ठोशांची शंभर वेळा घोकंपट्टी. दोन-तीन महिन्यांनी फेरी ३ मिनिटांची करता येते. ऑलिंपिकमधली लढतही ३ मिनिटांच्या तीन फेऱ्यांचीच असते.

हात सांभाळला तर सराव टिकेल

हातात छोटी छोटी सत्तावीस हाडे आहेत आणि ती आपटण्यासाठी बनलेली नाहीत. बॅगवर मारताना तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी असलेले दोन मोठे उंचवटे आधी लागले पाहिजेत. ही दोन बोटे मनगट आणि कोपराच्या सरळ रेषेत असतात, त्यामुळे धक्का हातभर वाटला जातो. करंगळीच्या बाजूने ठोसा लागला तर तिच्यामागचे तळहातातले हाड मानेपाशी मोडू शकते. या अस्थिभंगाला ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. गंमत अशी, की तो शिकलेल्या बॉक्सरपेक्षा रागाच्या भरात भिंतीवर किंवा दारावर गुद्दा मारणाऱ्यांमध्ये जास्त दिसतो.

ग्लव्हच्या आत कापडी पट्टी बांधणे सक्तीचे समजावे. मोठ्या माणसासाठी साधारण साडेचार मीटरची पट्टी लागते. अंगठ्यात फास अडकवून आधी मनगटाला तीन-चार वेढे, मग उंचवट्यांवरून तीन-चार, मग बोटांच्या बेचक्यांतून, अंगठ्याभोवती आणि शेवट पुन्हा मनगटावर. मूठ आवळल्यावर पट्टी घट्ट आणि उघडल्यावर सुसह्य वाटली पाहिजे. बोटांची टोके निळसर झाली किंवा मुंग्या आल्या तर पट्टी सोडून पुन्हा बांधावी.

ग्लव्हचे वजन औंसात मोजतात, १ औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. बॅगवर सरावासाठी बहुतेकांना १२ ते १६ औंसांचे ग्लव्ह योग्य. आतला फोम दबून बोटांना बॅग टोचायला लागली की ग्लव्हचे आयुष्य संपले. मुंबई-कोकणासारख्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ग्लव्ह बॅगेत बंद ठेवले की बुरशी आणि वास ठरलेला. सरावानंतर ते उघडे करून पंख्याखाली वाळवावेत आणि पट्ट्या दरवेळी धुवाव्यात.

दुखणे आणि दुखापत यांत फरक आहे. खांदे जड होणे साहजिक. पण हाताच्या मागच्या बाजूला सूज, एखादा उंचवटा खाली बसलेला दिसणे किंवा मूठ मिटताना एक बोट दुसऱ्यावर चढणे ही लक्षणे हाड मोडल्याची असू शकतात. अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात दाबल्यावर दुखत असेल तर मनगटातल्या एका छोट्या हाडाला इजा असू शकते. पहिल्या एक्स-रेमध्ये ती कधीकधी दिसतही नाही. अशा वेळी सराव थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. ‘पट्टी घट्ट बांधून चालवून घेऊ’ हा विचार महाग पडतो.

घरी बॅग टांगताना

बॅगेचे वजन ४० किलो असले तरी झोक्यात आणि झटक्यात कडीवर त्याहून जास्त भार येतो, तोही पुन्हा पुन्हा. म्हणून कडी आरसीसी स्लॅबमध्ये किंवा बीममध्येच, जाणत्या माणसाकडून बसवून घ्यावी. पीओपीच्या फॉल्स सीलिंगला किंवा पंख्याच्या हुकाला बॅग टांगणे धोक्याचे. जुन्या इमारतीत आधी स्लॅबची अवस्था पाहून घ्यावी. बॅगेभोवती चहूबाजूंनी फिरता येईल एवढी मोकळी जागा हवी, नाहीतर पाय एकाच जागी रुततात आणि कोन बदलण्याचा सराव होत नाही. बॅगेचा तळ साधारण कंबरेच्या पातळीवर असावा, म्हणजे पोटाच्या उंचीवरही मारता येते.

फ्लॅटमध्ये आणखी एक अडचण असते: शेजारी. ठोशाचा धक्का स्लॅबमधून वरच्या घरापर्यंत जातो. साखळी आणि कडी यांमध्ये स्प्रिंग बसवली तर तो बराच कमी होतो. भाड्याच्या घरात छिद्र पाडता येत नसेल तर तळाशी पाणी किंवा वाळू भरून उभी राहणारी बॅग हा पर्याय आहे. पण ती टांगलेल्या बॅगेसारखी झुलत नाही आणि जोराच्या ठोशाला सरकते.

बॅग काय शिकवू शकत नाही?

३० ऑक्टोबर १९७४ रोजी झैरेच्या, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या किन्शासा शहरात जॉर्ज फोरमन आणि मोहम्मद अली समोरासमोर आले. फोरमन २५ वर्षांचा आणि अजिंक्य होता. ४० लढती, ४० विजय, त्यातले ३७ नॉकआउट. त्याच्या सरावात हेवी बॅगेला पडणारा खोल खड्डा पाहून पत्रकार हबकून गेले होते. ३२ वर्षांच्या अलीची अनेकांना काळजी वाटत होती.

अलीने लढतीत दोरांना टेकून, हात आवळून फोरमनचे ठोसे दंडांवर आणि कोपरांवर घेतले. मधूनच तो सरळ, नेमके ठोसे परत करत राहिला. फोरमन मारत राहिला आणि मारता मारता दमला. आठव्या फेरीत अलीने त्याला खाली पाडले.

त्या पराभवाचा दोष बॅगेला देता येणार नाही, फोरमनचा ठोसा खरोखरच जबरदस्त होता. पण टांगलेले पिंप आणि विचार करणारा माणूस यांतला फरक या लढतीइतका स्पष्ट फार थोड्या लढतींनी दाखवला आहे. माणूस सरकतो, झाकतो, फसवतो, वाट बघतो. बॅग यातले काही करत नाही. म्हणून नेम आणि वेळ साधण्यासाठी वर-खाली दोरीने बांधलेला डबल-एंड चेंडू, हाताचा ताल आणि खांद्यांचा टिकाऊपणा यांसाठी स्पीड बॅग, चुका लगेच दाखवून देण्यासाठी प्रशिक्षकाचे पॅड आणि शेवटी देखरेखीखालचे स्पारिंग लागते. हेवी बॅग यांची जागा घेत नाही. ताकद, दम आणि तंत्राची घोटणी यासाठी मात्र तिच्यासारखे दुसरे साधन नाही.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ग्लव्हशिवाय मारल्याने हात मजबूत होतात का?
नवशिक्याच्या बाबतीत कातडी सोलते, सांधे सुजतात आणि दुखू नये म्हणून मूठ तिरकी पडायची सवय लागते. फायद्यापेक्षा तोटाच जास्त.

रोज बॅग मारली तर चालेल का?
हाताच्या सांध्यांना आणि स्नायुबंधांना सावरायला वेळ लागतो. सुरुवातीला मध्ये किमान एक दिवस सोडावा. त्या दिवशी दोरीउड्या आणि आरशासमोरचा सराव करता येतो.

लढायचे नाही, फक्त व्यायाम हवा आहे. तरी तंत्र शिकायला हवे का?
हो. रिंगमध्ये उतरणार नसलात तरी मनगट आणि खांदे तेच आहेत. किमान पहिले काही आठवडे प्रशिक्षकासमोर सराव केलेला बरा.

डंबेल हातात धरून ठोसे मारावेत का?
बॅगवर कधीच नाही. हवेत मारतानाही जड वजनामुळे ठोशाची रेषा बिघडते आणि कोपर-खांद्यावर ताण येतो.

मोबाइलचा खरा उपयोग

बॅगवर चुका लपतात, पण कॅमेऱ्यापासून लपत नाहीत. मोबाइल बाजूला, कंबरेच्या उंचीवर ठेवून एक पूर्ण फेरी चित्रित करावी. मग आवाज बंद करून पाहावी, कारण आवाज फसवतो. पहिल्यांदा फक्त पाय पाहावेत. दुसऱ्यांदा फक्त न मारणारा हात. तिसऱ्यांदा शेवटची वीस सेकंदे, कारण दमल्यावर जे उरते तेच खरे तंत्र. महिन्याने तीच फेरी पुन्हा चित्रित करून दोन्ही शेजारी ठेवावेत. दुसऱ्या व्हिडिओत बॅग कमी उडत असेल आणि हात गालापाशी असेल, तर सराव योग्य दिशेने चालला आहे.